क्रोमोली की अल्युमिनियम, ६५ अंश की ६७.५? सह्याद्रीतल्या वाटांसाठी हार्डटेल निवडताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोथरूडला राहता, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. आठवड्यात दोन-तीनदा वेताळ टेकडी, रविवारी मुळशीकडचे किंवा दिवे घाटापलीकडचे कच्चे रस्ते, आणि हिवाळ्यात सामान लादून एखादी कोकणफेरी. समोर दोन हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या डोंगरी सायकली) आहेत, दोन्ही २९ इंची. पहिली ४१३० क्रोमोलीची, म्हणजे मिश्र स्टीलची: पुढे १४० मिलिमीटर दबणारा फोर्क, हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) ६५ अंश, रीच (पेडलच्या अक्षापासून त्याच नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ४५५ मिलिमीटर. दुसरी ६०६१ अल्युमिनियमची: १२० मिलिमीटरचा फोर्क, हेड अँगल ६७.५, रीच ४३५, आणि जवळजवळ एक किलो हलकी. 'क्रोमोली अंगाला मऊ लागते' असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे मन तिकडे झुकलंय, पण वजन आणि गंज यांची धास्ती आहे.

सायकली जोडणं, दुरुस्त करणं आणि लोकांना त्यांच्या मापाची फ्रेम शोधून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही मटेरियलपासून सुरुवात केलीत, मी भूमितीपासून करेन. टायर, हँडल, सीट, फोर्कमधली हवा हे सगळं नंतर बदलता येतं. हेड अँगल आणि रीच मात्र फ्रेमबरोबर येतात ते कायमचे. मटेरियल कितीही आवडीचं असो, उतारावर पुढचं चाक भलतीकडे जात असेल तर ती सायकल घरातच राहते.

हार्डटेलची भूमिती वाचताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिचं एकच टोक हलतं. फुल सस्पेन्शन सायकलवर तुम्ही बसलात की पुढचं आणि मागचं दोन्ही थोडं थोडं खाली जातं, त्यामुळे कोन साधारण तसेच राहतात. हार्डटेलमध्ये फक्त फोर्क दबतो. अख्खी फ्रेम मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलभोवती पुढे झुकते आणि हेड अँगल उभा होतो. कंपनीच्या तक्त्यात छापलेला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या सायकलचा असतो. काही कंपन्या सॅग (तुम्ही नुसते बसल्यावर फोर्क जेवढा दबतो ते) धरून आकडे देतात, ते तक्त्याखालच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन सायकलींची तुलना करण्याआधी एवढं नक्की तपासा, नाहीतर एकीचा बसलेला आकडा दुसरीच्या उभ्या आकड्याशी ताडून पाहाल.

तुमच्या दोन सायकलींचंच गणित करू. अल्युमिनियमवालीत १२० पैकी २० टक्के सॅग ठेवला तर फोर्क २४ मिलिमीटर दबतो. दोन चाकांमधलं अंतर ११५० मिलिमीटरच्या आसपास धरलं तर सायकल साधारण १.१ अंश पुढे झुकते, म्हणजे ६७.५ चे ६८.६ होतात. हे नुसतं बसल्यावर. एखाद्या पायरीवरून उतरताना पुढचा ब्रेक धरलात आणि फोर्क तळाला गेला, तर हाच कोन ७३ अंशांपर्यंत जातो. क्रोमोलीवालीत दोन चाकांमधलं अंतर ११९० धरून तेच गणित केलं, तर बसल्यावर ६६.२ आणि फोर्क तळाला असताना ७१ येतात.

या कोनांचा परिणाम समजायला 'ट्रेल' नावाचं माप उपयोगी पडतं. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो जिथे टेकेल त्या बिंदूच्या मागे टायर किती अंतरावर जमिनीला टेकतो, ते हे माप. ट्रेल जितका जास्त, तितकं पुढचं चाक धोंड्याला आपटूनही सरळ राहू पाहतं. २९ इंची चाक आणि ४४ मिलिमीटर ऑफसेटचा (चाकाचा अ‍ॅक्सल त्या अक्षाच्या तेवढा पुढे असलेला) फोर्क धरला तर ६७.५ अंशांवर ट्रेल सुमारे १०५ मिलिमीटर येतो, ६५ वर सुमारे १२४. पण ७३ अंशांवर तो ६७ पर्यंत उतरतो. म्हणजे उतार सर्वात अवघड असतो, हात ब्रेकवर असतात, नेमकं तेव्हाच सायकलचं सरळ राहणं सर्वात कमकुवत झालेलं असतं. हार्डटेलला स्लॅक, म्हणजे आडवा, कमी अंशांचा हेड अँगल लागतो तो या साठ्यासाठी. कोन उभा होणारच असतो, म्हणून सुरुवात थोडी आडवी हवी.

म्हणूनच स्लॅक कोनांना मी फॅशन मानत नाही. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात लोक जुन्या, जड श्विन सायकली घेऊन डोंगर उतरायचे. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी पहिल्या फ्रेम बनवल्या तेव्हा भूमिती त्या जुन्या सायकलींच्याच वळणाची, हेड अँगल ६८ च्या आसपास, ठेवली होती. पुढे क्रॉस कंट्री शर्यतींनी चढाला महत्त्व दिलं आणि ७१ अंश व लांबलचक स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) रूढ झाले. आपल्याकडे स्वस्त हार्डटेलमध्ये तोच वारसा अजून दिसतो.

मग ६५ च घ्यावा का? इथे तुमची वाट काय आहे यावर उत्तर बदलतं. टेकडीवर सकाळ-संध्याकाळ फिरणारी माणसं असतात, त्यात वयस्कर आणि लहान मुलंही असतात. तिथे वेग ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. हळू चालवताना आणि चढावर स्लॅक कोनाचं पुढचं चाक आपोआप एका बाजूला पडू पाहतं. ६५ अंशांवर हा ओढा ६७.५ च्या तुलनेत साधारण पाव पटीने जास्त असतो. ताशी पाच-सहा किलोमीटरने मुरमाचा चढ चढताना हँडल सतत सावरावं लागतं, आणि नवख्याला वाटतं की आपल्याला सायकल चालवता येत नाही. सवयीने ते जमतं, पण आठवड्यातले तीन दिवस जर तुम्ही असंच हळू चालवणार असाल तर त्याची किंमत रोज मोजावी लागते. उलट तुम्ही दर रविवारी दिवे घाटापलीकडच्या उघड्या, घसाऱ्याच्या उतारांवर जाऊन तिथलं तंत्र शिकायचं ठरवलं असेल, तर ६५ तुम्हाला जास्त सांभाळून घेईल. तुम्ही लिहिलेल्या वेळापत्रकावरून मला ६६ ते ६७ अंश आणि १२० ते १३० चा फोर्क हा तुमचा टप्पा वाटतो. ६७.५ त्याच्या थोडा वर आहे, ६५ थोडा खाली.

फोर्क आणखी लांब घेतला तर अडचण सुटेल, असं वाटणं साहजिक आहे, पण हार्डटेलवर ते उलटं पडतं. जितका लांब फोर्क, तितका उभा राहताना आणि दबताना कोनातला फरक जास्त. १५० मिलिमीटरचा फोर्क पूर्ण दबला की सायकल सहा-साडेसहा अंश पुढे कोसळते, आणि मागे काहीच दबत नसल्यामुळे शरीर पुढे फेकलं जातं. माझ्या मते हार्डटेलला १३० पुरे, १४० ला थांबावं. लांबीपेक्षा फोर्कचं डॅम्पिंग (दबण्या-उसळण्याचा वेग आवरणारी सोय) चांगलं असणं आणि तो मधल्या टप्प्यात पटकन खाली न बसणं जास्त मोलाचं.

रीचबद्दल. सॅगमध्ये सायकल झुकली की रीच सुमारे १२ मिलिमीटर वाढतो आणि हँडल पेडलच्या अक्षाच्या तुलनेत ७-८ मिलिमीटर खाली येतं. म्हणजे ४३५ चा रीच तुम्हाला ४४७ सारखा लागेल, ४५५ चा ४६७ सारखा. १७२ सेंटिमीटरला दोन्ही चालवता येतात. पण तुम्ही लांब पल्ल्याला आणि सामान घेऊन जाणार आहात, तेव्हा मी छोट्याकडे झुकेन आणि ५० मिलिमीटरचा स्टेम ठेवेन. आखूड फ्रेमला लांब स्टेम लावून लांबी भरून काढायची जुनी पद्धत मात्र टाळा. त्याने वजन पुढच्या चाकावर जातं आणि उतारावर धडकी भरते.

सीट ट्यूबचा कोन हा अलीकडे फार ताणला गेलेला आकडा आहे. उभा कोन चढावर चांगला, कारण वजन पेडलच्या वर राहतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही. पण फोर्क सॅगमध्ये गेला की हाही कोन अंशभर उभा होतोच. तुम्ही कोथरूडहून मुळशीच्या बाजूला डांबरी रस्त्यानेच जाणार. ७७ अंशांच्या सीटवर सपाट रस्त्यावर तासभर बसलात की सगळा भार तळहातांवर येतो. तक्त्यात ७४ ते ७५ दिसला तर तो तुमच्यासाठी योग्य आहे.

चेनस्टेबद्दल (पेडलच्या अक्षापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतच्या लांबीबद्दल) फार डोकं शिणवू नका, ४३० ते ४४० मधलं काहीही चालेल. सामान लावायचं तर लांब बाजूची बरी.

बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगच्या) उंचीकडे मात्र आपल्याकडे लक्ष द्यायला हवं. सह्याद्रीचा काळा खडक पायऱ्या-पायऱ्यांनी फुटतो आणि वाटेत घोट्याएवढे गोटे पडलेले असतात. हार्डटेल सॅगमध्ये बसली की बॉटम ब्रॅकेटही ८-९ मिलिमीटर खाली येतो. रिकाम्या सायकलवर ३१० मिलिमीटर उंची असेल तर ठीक, ३०० च्या खाली असेल तर चढावर पेडल खडकाला लागत राहील. १७५ ऐवजी १७० चा क्रँक (पेडलचा दांडा) घ्या. ५ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण पेडल आपटणं आणि निसटून जाणं यात अनेकदा तेवढंच अंतर असतं.

आता मटेरियल. 'क्रोमोली मऊ' या समजुतीत तथ्य किती ते नीट पाहू. स्टील अल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं आणि वजनानेही जवळजवळ तिप्पट असतं. तेवढ्याच वजनात कोणता धातू किती ताठ, असं पाहिलं तर स्टील, अल्युमिनियम आणि टायटॅनियम तिघंही जवळपास सारखेच निघतात. फरक पडतो तो नळीच्या व्यासाने. अल्युमिनियम कमी ताठ म्हणून त्याची नळी जाड व्यासाची करतात, आणि व्यास वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळी वाकायला आठपट अवघड होते. म्हणून जुन्या जाडजूड अल्युमिनियम फ्रेम कडक लागायच्या आणि बारीक नळ्यांच्या स्टील फ्रेम लवचिक. तो गुण आकाराचा होता, नाव मात्र धातूचं झालं.

आणि आजची कारखान्यात बनणारी क्रोमोली हार्डटेल त्या जुन्या बारीक नळ्यांची नसते. आयएसओ ४२१० या मानकाच्या चाचण्यांत फ्रेमवर हजारो वेळा भार देऊन पाहतात. लांब फोर्क हेड ट्यूबवर (हँडलच्या नळीवर) जबरदस्त तरफ लावतो, त्यामुळे तिथल्या नळ्या जाड आणि आधार जास्त ठेवावे लागतात. तो एक किलो बराचसा तिथूनच येतो. हाताने बनवलेल्या, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे नळ्या निवडलेल्या स्टील फ्रेममध्ये लवचिकता खरंच जाणवते, पेडल मारताना ती जिवंत वाटते. पण तुमच्या पुढ्यातल्या सायकलचा दर्जा तो नाही.

शिवाय फ्रेमचा मुख्य त्रिकोण उभ्या दिशेने दबतो तो मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. २.४ इंची टायर कमी हवेवर एखाद्या दगडावरून जाताना एक-दोन सेंटिमीटर आत जातो. आराम हवा तर टायरकडे बघा. तुमच्या वजनाला ट्यूबलेस २.४ मध्ये पुढे २० आणि मागे २३-२४ पीएसआयने सुरुवात करा, मग रिमला ठोका बसतो का ते पाहून एकेक पीएसआय वर-खाली करा. आपल्या माळांवर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे ट्यूब घालून इतक्या कमी हवेवर फिरणं शक्यच नाही. ट्यूबलेस हा इथे गरजेचा भाग आहे. फक्त उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी भरत राहा. म्हणून फ्रेम पाहताना मागे किती रुंद टायर मावतो, आणि मावल्यावर चिखलाला दोन्ही बाजूंनी ६ मिलिमीटर तरी जागा राहते का, हे विचारा. पावसात इथली काळी माती टायरला चिकटली की कडेला जागा नसलेली फ्रेम चाकच अडवते.

मग मटेरियलने ठरतं काय? ती सायकल किती वर्षं टिकेल, मार कसा सोसेल, आणि मोडली तर तिचं काय होईल, हे ठरतं.

६०६१ अल्युमिनियमच्या नळ्या वेल्ड केल्या की जोडाजवळचा धातू नरम पडतो. कारखान्यात अख्खी फ्रेम ५०० अंश सेल्सिअसहून जास्त तापवून, झटकन थंड करून, पुन्हा मंद आचेवर ठेवून ती ताकद परत आणतात. तडा गेल्यावर बाहेर कुणी वेल्डिंग करून दिलं तर ही प्रक्रिया होत नाही, आणि जोड वरून छान दिसला तरी शेजारचा धातू कच्चा राहतो. तडा गेलेली अल्युमिनियम फ्रेम मी दुरुस्त करून देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. दुसरं म्हणजे, स्टीलला ताणाची एक पातळी असते, तिच्या खाली राहिलं तर ते कितीही वेळा वाकवलं तरी थकत नाही. अल्युमिनियमला अशी पातळी नसते, प्रत्येक हिसका थोडा थोडा जमा होत जातो. म्हणून बनवणारे ते मुळातच जास्त भक्कम करतात, आणि चांगल्या कंपनीची फ्रेम तुमच्या वापराला आरामात बरीच वर्षं जाते. जुनी घेत असाल तर हेड ट्यूबखालचा जोड, सीट ट्यूबचा वरचा कड आणि मागच्या ब्रेकची जागा पुसून, उजेडात, नखाने चाचपून पाहा.

क्रोमोलीचं मोठं सुख असं की ती सहसा आधी इशारा देते. तडा हळू वाढतो, आवाज येतो, रंग फुटतो. चेपली तर बहुतेक वेळा चालवत राहता येते. दुरुस्तही होते, पण त्यासाठी पातळ नळ्यांचं टिग वेल्डिंग किंवा ब्रेझिंग येणारा माणूस लागतो. या नळ्या मधल्या भागात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत पातळ असतात. गेट आणि ग्रिल बनवणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगने त्यांना भोकच पडेल.

गंजाची भीती वाजवी आहे, पण आवाक्यातली आहे. स्टील फ्रेम बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते. पावसाळ्याआधी सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढून नळ्यांच्या आत 'बॉइल्ड' म्हणून मिळणारं, लवकर सुकणारं जवसाचं तेल फिरवा आणि दोन दिवस सुकू द्या, आत पातळ थर धरतो. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा. कोकणातून परतलात की खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ साध्या पाण्याने धुवा. गाड्या धुण्याच्या जेटखाली मात्र सायकल कधीच धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. आणि स्टील फ्रेममधला अल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षातून एकदा काढून ग्रीस लावा, नाहीतर घाम आणि पाणी मिळून तो असा जाम होतो की कापून काढावा लागतो.

कार्बनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: सुट्या दगडांच्या वाटांवर पुढच्या चाकाने उडवलेला दगड डाउन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या नळीवर) बसतो, आणि आतली इजा बाहेरून दिसेलच असं नाही. शर्यतीला उतरायचं नसेल तर तुमच्या वापराला तो घेऊ नका. टायटॅनियम छान आहे, गंजत नाही, सहजासहजी थकत नाही, पण त्या पैशात चांगला फोर्क, चाकं आणि ब्रेक येतात, आणि ते तुम्हाला कितीतरी जास्त जाणवतील.

आता या दोघींत निवडायचंच तर मी तुम्हाला अल्युमिनियमवाली सुचवेन. तिचा रीच तुमच्या अंगाला आणि लांब पल्ल्याला बरा आहे, टेकडीवरच्या हळू वेगात ती आज्ञेत राहील, आणि वाचलेला किलो चढावर कामी येईल. पण चार अटींवर. हेड ट्यूब टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) हवी. मागे क्विक रिलीज नसून १२ मिलिमीटरचा थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा दांडा) आणि १४८ मिलिमीटर रुंदीचं हब हवं, नाहीतर पुढे चाक बदलताना पर्याय उरत नाहीत. ड्रॉपर सीटपोस्टची (चालवताना वर-खाली करता येणाऱ्या सीटच्या दांड्याची) केबल आतून नेण्याची सोय हवी. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा हवा, दाबून बसवलेला नको, कारण आपल्या धुळीत आणि पावसात दाबून बसवलेले लवकर कुरकुरतात. कंपनीने १३० चा फोर्क मान्य केला असेल तर तो बसवा. १० मिलिमीटर वाढले की हेड अँगल साधारण अर्धा अंश स्लॅक होऊन ६७ च्या जवळ येतो आणि बॉटम ब्रॅकेटही तीन-चार मिलिमीटर वर जातो. मान्य केला नसेल तर लावू नका. तरफ वाढते ती हेड ट्यूबच्या जोडावरच, आणि वॉरंटीही जाते.

क्रोमोलीवाली घ्या, असं मी दोन परिस्थितींत म्हणेन. एक, पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तुम्हाला उभ्या, दगडी उतारांवरच जास्त वेळ घालवायचा असेल. दोन, ही सायकल पंधरा-वीस वर्षं ठेवायची, तिला सामानाचे रॅक लावायचे, आपटू द्यायची, असा तुमचा बेत असेल. तेव्हा तो एक किलो वजन सार्थकी लागतं. 'मऊ लागते' एवढ्याच कारणासाठी घेत असाल तर ते पैसे टायरवर घाला.

विकत घेण्याआधी दोन्ही सायकली चालवून बघायला मिळाल्या तर आधी दोन्हींच्या फोर्कमध्ये तुमच्या वजनाप्रमाणे २० टक्के सॅग लावून घ्या आणि टायरमध्ये सारखी हवा ठेवा. दुकानात टायर बहुधा ४० पीएसआयला फुगवलेले असतात, त्यावर कुठलीही फ्रेम कडकच लागणार. मग एकाच मुरमाच्या चढावर हळू चढून, त्याच वाटेने उभं राहून उतरून पाहा. आणि अनवाणी उभं राहून, दोन मांड्यांच्या मध्ये पुस्तक घट्ट धरून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून मला कळवा. त्यावरून किती लांबीचा ड्रॉपर मावेल ते सांगता येईल, आणि मीडियम की लार्ज हेही तेव्हाच पक्कं करू.